खंडेनवमीला घासलेली बंदूक

गोरेगाव पूर्व,
९ ऑक्टोबर २०२५

ती. शुभावहिनींना जयवंतचा नमस्कार.

तब्येत कशी आहे? नाहूरला माहेरी गेलात हे तुमच्या मानसीकडून कळलं. प्रेशरचं औषध वेळेवर घ्या. इकडे गोडाऊनला पोलिसांचं सील लागलंय, बाकी ठीक. ठीक कसलं, पार वाट लागलीय. तुम्ही कुणाचाच फोन घेत नाही, म्हणून हे पत्र मानसीच्या हाती देतोय. फाडायचं तर फाडा, पण आधी वाचा.

काल कोठडीत दादाला भेटलो. अंगात परवाचाच शर्ट. पहिलं काय विचारलं असेल? "शुभा जेवते का रे?" मी हो म्हणालो.

वकिलांचं म्हणणं असं. आबांनी लिलावात घेतलेल्या त्या फ्रेंच बंदुकीची पावती आणि परवाना आपल्याकडे आहे, दोन्हींवर नंबर आहे. पण बंदुकीवरचा नंबर गेलाय. पोलीस म्हणतात, ही बंदूक दुसरीच, नंबर मुद्दाम खरवडलाय. सिनेमाच्या शूटिंगला देतो त्या आपल्या सामानात तलवारी पत्र्याच्या, पिस्तुलं लाकडाची. खरं हत्यार तेवढं एकच, आणि नेमकं तेच नडलं. सोमवारी कोर्ट आहे. तोवर पुरावा मिळाला नाही तर दादाचं काही खरं नाही.

वहिनी, गेल्या वर्षी पूजेच्या वेळी तुम्ही त्या बंदुकीचा फोटो काढला होता. खालची दांडी ओढली की पुढचं काडतूस कसं वर चढतं, ते दादा मानसीला दाखवत होता. दांडीच्या वरच नंबर होता. तुमच्या जुन्या मोबाइलमध्ये शोधा ना, पाया पडतो. झेंडूचं फूल नेमकं नंबरावर आलं असेल की काय, देव जाणे. फूल मीच ठेवलं होतं. तरी बघा.

आता जे मघापासून टाळतोय ते लिहितो.

संग्रहालयाच्या गंधालीमॅडमनी बजावलं होतं, अशा बंदुका फार थोड्या उरल्यात, गंजासकट राहू द्या, घासू नका. दादा ती त्यांना द्यायला निघाला होता. मला विचारलंसुद्धा नाही. आबा काय त्याच्या एकट्याचे होते? खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखं सगळं सामान घासायला काढलं, तर म्हणतो कसा, "जया, तिला हात लावू नको हां. तुला त्यातलं कळत नाही."

पंचवीस वर्षं मी पत्र्याची चांदी करतोय, वहिनी. माझं डोकं फिरलं. दादा हार आणायला गेला आणि मी ती बफिंगच्या मशीनवर धरली. थांबायचं भानच राहिलं नाही. आरशासारखी चकचकीत झाली, आणि कारखान्याचा शिक्काही गेला, नंबरही गेला. दादा आला, बघत उभा राहिला. मग दुसऱ्या दिवशी त्यानेच तिला हळदकुंकू वाहिलं.

मंगळवारी गोडाऊनची तपासणी झाली. पोलीस साहेबांनी विचारलं, ही घासली कुणी?

मी म्हणालो, दादाने.

तो शेजारीच उभा होता, वहिनी. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "हो साहेब, मीच."

तुम्ही पोलीस ठाण्यात येऊन त्याला काय काय बोललात. "एवढं सांगूनही हट्टाने घासलीत, आता भोगा." तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होतो. उठलो नाही. लाज वाटते म्हणणंसुद्धा आता कमीच आहे.

फोटो मिळो न मिळो, उद्या सकाळी जाऊन मी जबाब बदलणार आहे. मलाही आत घेतील, घेऊ देत. पण भाऊ भावाला वाचवतोय असंच म्हणतील सगळे. म्हणून फोटो शोधाच. माझं तोंड पुन्हा बघू नका, पण दादाला भेटायला जा. आणि जाण्याआधी दोन घास खा, म्हणजे त्याला सांगितलेलं एवढं तरी खरं होईल.

ज्याला दादाने अजूनही खोटं पाडलेलं नाही, तो तुमचा धाकटा दीर,
जयवंत