तळ्याकाठच्या तंबूचा फॉर्म

३ नोव्हें., सोम.
तंबू मंजूर! सकाळीच मोबाइलवर मेसेज. छावणीतलं तळं, तंबू नं. ७, २१ ते २४. माजी सैनिकांसाठी तिथं मुक्काम उघडला हे फौजेतल्या सोबत्यानं, मेश्रामनं, मिलिटरी कँटीनच्या लायनीत सांगतलं होतं, तवा खरं नव्हतं वाटलं. जवान होतो तवा हेच तंबू मी ठोकले. सायेबांची बायकापोरं तिथं उतरत. आमी खुंट्या ठोकून बराकीत वापस.
सुट्टीत घरी आलो की सुमन चिडवे, "दुसऱ्यायच्या बायकांसाठी तंबू ठोकता. माह्यासाठी कधी ठोकान?"
म्हणलं, रिटायर होऊ दे. रिटायर झालो तर इथल्या स्टील प्लांटच्या गेटवर सिक्युरिटीत लागलो. मग तिचे गुडघे. मग ती गेलीच.

४ नोव्हें.
मेसेज पुन्हा नीट वाचला. खाली लिहून हाये: सेल्फ + वाइफ.
घ्या आता! फॉर्म मीच भरला. पत्नीचं नाव इचारलं की हात आपोआप चालते, पस्तीस वर्षांची सवय. तिले जाऊन चौदा महिने झाले अन् मी वय बी लिहिलं ५९. मागच्या वर्षी ५८ होतं. एक वर्ष वाढवून देल्लं. धन्य हाये मी.

६ नोव्हें.
मेश्राम कॅम्प-१ वस्तीतून आला सायकलनं. एका युनिटात होतो, त्याच्यापासून काय लपवाचं? सांगतलं. आधी हसला.
"वहिनीचं फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसले कळवलं नाही कावून गा?"
"टाइम नाही भेटला."
टाइम! दिवसभर करतो काय मी? एक कुकर अन् एक टीव्ही. मृत्यूचा दाखला कपाटात लिफाफ्यातच पडून हाये. कळवलं की माह्या कागदांवरून तिचं नाव कटते. मेश्रामले समजलं असंन. तेवढ्यावरच थांबला.
जाता जाता म्हणे, तंबू फॅमिलीलेच भेटते. एकटा माणूस बराकीत. "बराक बी चांगली केली आता. गिझर हाये."
गिझर घेऊन काय करू? बराकीत एकवीस वर्षं झोपलो बापा.

८ नोव्हें., शनि.
वैशालीचा फोन, रायपूरहून. पोरगी अर्धं हिंदीतच बोलते. "बाबा, मी येते ना. मम्मी की जगह." तिले सांगतलं, लग्न झालेली पोरगी फॅमिलीत धरत नाहीत. म्हणे, "तो मैं किसकी फैमिली हूँ?"
मी इचारलं, जेवली का. मूर्खासारखं.

१० नोव्हें.
छावणीतून फोन आला. तिथले नायब सुभेदार. मोठा अदबीचा माणूस. "सर, मैडम का कार्ड ओरिजिनल लाइएगा, गेट पर देखते हैं."
मी म्हणलं, "जी, लाएँगे."
फोन ठेवला अन् ध्यानात आलं, काय बोललो. एवढ्या नोकरीत एकाची खोटी हजेरी नाही लावली. हवालदार म्हणून त्याच्यासाठीच नाव होतं माह्यं. आज लावली. ते बी बायकोची.

११ नोव्हें.
बीपी वाढलेलं. भात केला, तसाच राह्यला.

१२ नोव्हें.
आज दूधवाल्याशी बोललो. "आधा?" "हाँ, आधा." बस. अख्ख्या दिवसात एवढंच.
ती असती तर म्हणली असती, अजी, खोटं जमत नाही तुमाले तर बोलता कायले?

१४ नोव्हें., शुक्र.
नायब सुभेदाराले केला फोन. सांगून टाकलं सारं. गेल्या वर्षीच वारली, चूक माही हाये. वाटलं, झापीन. नाही झापलं. म्हणे, "आपने बता दिया सर, अच्छा किया."
तंबू तर गेला. बराकीत पलंग राखून ठेवतो म्हणे, खिडकीतून तळं दिसते. फॉर्मची प्रिंट काढा, मैडमचं नाव काटा, फोटो पाठवा. बुधवारपर्यंत. बुधवार गेला की पलंग बी दुसऱ्याले.
हलकं वाटलं. अन् तेवढंच वाईट बी.

१६ नोव्हें., रवि.
स्मृति नगरच्या दुकानातून प्रिंट आणली. मेश्राम फोनवर म्हणे, मी बी फॉर्म भरतो, पलंगाले पलंग लावू. येऊ दे. मले जाचंच हाये. तिले दाखवतो म्हणलं होतं, नाही दाखवलं. निदान आपण जाऊन बसावं त्या काठावर घडीभर.

१८ नोव्हें., मंगळ.
दुपारी फॉर्म घेऊन बसलो. फौजेत नाव खोडाची रीत ठरलेली. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. एक सरळ रेघ, खालचं नाव वाचता आलं पायजे, अन् बाजूले पूर्ण सही, तारीख. कंपनीच्या रजिस्टरात किती नावं काटली अशी, बदलीवर गेलेल्यायची. कधी हात थांबला नाही.
फूटपट्टी घेतली. रेघ मारली. सरळ आली. रेघेखालचं 'सुमन' चांगलं वाचता येते.
उद्या बुधवार. नायब सुभेदाराचा मेसेज येऊन पडला, "सर, फोटो?"
सही नाही केली अजून. सही नसली तर काटलेलं धरत नाहीत.