दांड्याखालचा कागद

लालबाग, मुंबई
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

चि. चंदू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गणपतीत आलं आणि मी उत्तराला बसतोय संक्रांत उलटल्यावर. माफ कर. तब्येत बरी होती, कामंही नव्हती. रोज म्हणायचो आज लिहू, आणि रोज पेन शोधण्यात दुपार जायची. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे थंडी पडली असेल. इथे पंखा लागतो.

हे मी पोस्टात बसून लिहितोय. टेबलाला डिंक चिकटलाय, त्यामुळे कागद मधेच ओढला जातो. अक्षर वाईट आलं तर समजून घे, तसंही सातवीच्या पुढे ते कधी सुधारलं नाही. तू म्हणशील फोन का नाही करत. आमच्या खोलीत फोनवर बोललेलं शेजारच्या खोलीला पाठ होतं. त्यात आता आमच्या हेमूचं ते घरी बनवलेलं खोटं विमान. विमान आणि मोरी यांच्यामध्ये एक माणूस आडवा चालेल एवढीच जागा उरलीय.

तू पत्रात विचारलं होतंस, हेमू अजून त्या विमानात बसतो का. बसतो रे. लोअर परळच्या ऑफिसातून आला की चहा घेतो आणि बसतो. लॉकडाऊनमध्ये सुरू केलं ते अजून संपत नाही. आता तर छपरालाही बटणं आहेत. प्लायवूडचं सगळं मी कापलं. बटणांमागचे दिवे मंडळाच्या जुन्या डेकोरेशनचे आहेत. दोन सीटा कुर्ल्याच्या भंगारातून आणल्या, मोडीत निघालेल्या गाडीच्या, पट्ट्यांसकट. नलूच्या शिलाई मशीनची पायाखालची लोखंडी जाळी कापून विमानाची पॅडलं केली, तेव्हा ती दोन दिवस बोलली नव्हती. आता बोलते. आम्ही दोघं आत बसलो की बाहेरून ओरडते, "अहो पायलट, तुमचं विमान जरा थांबवा, मला मागचा डाळीचा डबा काढायचाय!" हेमू म्हणतो, "आई, पाच मिनिटं, लँडिंग आहे." ती म्हणते, "मग खाली उतरून कुठल्यातरी हॉटेलातच जेवा."

मी शेजारच्या सीटवर बसतो. त्याने मला यादी लिहून दिलीय, मराठीत. मी एकेक वाचतो, तो बटण दाबून उत्तर देतो. "इंधन." "तपासलं." "दिवे." "चालू." "पट्टे." "लावले." माझ्या पट्ट्याचं बक्कल जाम आहे, माझ्या बोटांनी ते निघत नाही. हेमूने काढल्याशिवाय मला उठता येत नाही. तासभर मुतायची पंचाईत होते, पण सांगत नाही.

गेलं वर्षभर तो दर रविवारी तुमच्या कोकणातल्या चिपी विमानतळावरच उतरवतो. आधी कुठे कुठे न्यायचा, काठमांडू, दुबई. आता चिपी. समोरच्या तीन टीव्हींवर समुद्र दिसतो, लाल माती दिसते. उतरलं की विचारतो, "बाबा, इथून काकांचं घर किती लांब?" मी म्हणतो, रिक्षाने अर्धा तास. एकदा विचारलं, "काका अजून टाइप करतात का हो?" मी म्हटलं, कसलं टाइप, रिटायर होऊन आठ वर्षं झाली.

बघ, पान संपत आलं आणि अजून मी इकडचं तिकडचंच लिहितोय.

चंदू, तुझ्या गिरगावच्या खोलीतलं ते पत्र आठवतं? दहा वर्षं होतील. हेमूचा विमान शिकायला नंबर लागला होता. पेपर सगळे पास, मेडिकल बाकी. मी तुझ्याकडे आलो आणि म्हटलं, त्याला सहाव्या-सातव्या वर्षी तीन वेळा फिट आली होती, ते त्याने फॉर्मात लिहिलेलं नाही. वर असताना आली तर? मागे दीडशे माणसं. तू मेडिकलवाल्या ऑफिसला तसं पत्र इंग्रजीत टाइप करून दिलंस, खाली नाव नाही. तिसऱ्या दिवशी तू धावत आलास. म्हणालास, "दादा, ते फाड. पोराला बसवून समोरासमोर बोल, पण हे नको." मी म्हटलं, फाडलं.

मी ते आदल्या दिवशीच पोस्टात टाकलं होतं.

तुला खोटं सांगितलं. इतकी वर्षं तुला वाटत असेल की ते त्यांना आपोआप कळलं. आपोआप नाही कळलं. त्याला पुन्हा बोलावलं, डोक्याला तारा लावून तपासलं, रेघा नीट आल्या नाहीत म्हणाले आणि नापास केलं. मशीनने दाखवलं ते खोटं नसेल. पण मशीनपुढे मी बसवलं त्याला. कोणीतरी तक्रार केली एवढं त्याला तिथल्या शिपायाने सांगितलं होतं. घरी येऊन तो एकदाच म्हणाला, "कोण असेल हो?" मी म्हटलं, माणसं जळतात रे.

आणि माझी अक्कल बघ. साध्या पोस्टाने गेलं तर हरवेल म्हणून मी रजिस्टर केलं. पोहोचपावतीसकट. खिडकीतली बाई म्हणाली, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहा. मी लिहिला. माझं पूर्ण नाव, चाळीचं नाव, खोली नंबर. आत निनावी पत्र आणि बाहेर सगळा पत्ता! पंधरा दिवसांनी ते पोहोचपावतीचं कार्ड घरी आलं, त्या ऑफिसचा शिक्का आणि तारीख घेऊन. नशीब, पोस्टमनने माझ्याच हातात दिलं.

ते कार्ड फाडलं का नाहीस, विचारशील. गिरणीच्या घराच्या फॉर्माला चाळीस वर्षांपूर्वीचे कागद मागितले, तेव्हापासून शिक्का असलेला कागद माझ्याच्याने फाडवत नाही. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला ठेवलं. लॉकडाऊनमध्ये नलूने ट्रंक उपसायला घेतली. त्याच दिवशी मी थ्रॉटलच्या दांड्याची पेटी जोडत होतो, विमानाचा वेग कमीजास्त करायचा तो दांडा. तो बुडाशी हलत होता. गिरणीत साचा, म्हणजे माग, हलायला लागला की आम्ही विडीच्या बंडलाचा कागद दुमडून पॅकिंग घालायचो. हात आपोआप गेला. कार्ड चार घड्या करून दांड्याखाली ठोकलं आणि वरून स्क्रू मारले. बरं वाटलं तेव्हा. आता माझ्याच मुलाचा हात रोज त्याच्यावर असतो आणि मी शेजारी पट्ट्यात.

परवा हेमू म्हणाला, "बाबा, दांडा पुन्हा लूज लागतोय. रविवारी पेटी उघडू. तुम्ही टॉर्च धरा." तेव्हापासून मला जेवण जात नाही. तो ऑफिसात असताना काढावं म्हटलं, तर नलू घरातून हलत नाही आणि विमानाखाली शिरायला माझी कंबर वाकत नाही. काल नलू हळदीकुंकवाला गेली तेव्हा कसाबसा शिरलो. एक स्क्रू निघाला, दुसऱ्याचा माथाच गेला. मग बाहेरही येता येईना. जगदीश आपला इलेक्ट्रिकवाला वायर द्यायला आला होता, त्याने पाय धरून ओढून काढलं. "काका, खाली काय पडलंय?" मी म्हटलं, वॉशर.

तू उत्तर लवकर दे. काय करू ते सांग. घरी नको पाठवूस. बंद पाकिटात, जगदीशच्या दुकानावर. पत्ता मागे लिहितो.


सोमवार, १९ जानेवारी

पत्र टाकलं नाही. खिशात घेऊन फिरत होतो. रविवार होऊन गेला. तोही लिहितो.

हेमूने पेटी उघडली. ज्याचा माथा मी घालवला होता तो स्क्रू बघून माझ्याकडे बघितलं आणि पकडीने काढला. मी टॉर्च धरली होती. उजेड सगळ्या खोलीत फिरत होता. नलू म्हणाली, "अहो, पेटीत मारा, माझ्या तोंडावर काय मारताय!"

दांड्याखाली कार्ड नव्हतं.

तिथे काळ्या रबराचा तुकडा होता. मापात कापलेला, कडा साफ, वर धूळ बसलेली. माझं काम नव्हे ते. हेमू रबर चिमटीने काढत म्हणाला, "हे मी बदललं होतं. परवाच्या नाही, त्याआधीच्या दिवाळीत. झिजलं आता."

नलूने विचारलं, "आधी काय होतं तिथे?"

"कागद होता कसलातरी."

"मग टाकलास?"

"ठेवलाय," म्हणाला. "बाबा कागद टाकत नाहीत ना."

चंदू, मी टॉर्च बंद केली. का केली माहीत नाही. तो म्हणाला, "बाबा, लावा परत, अजून झालं नाही." मी लावली. त्याने नवीन रबर कापलं, बसवलं, स्क्रू मारले. मग म्हणाला, "बसा. पट्टा लावा."

मी बसलो. यादी वाचली. इंधन, दिवे, पट्टे. तो उत्तरं देत होता. दांडा लोण्यासारखा पुढे गेला. चिपीला उतरलो. रोज उतरलं की तो स्वतःचा पट्टा काढतो आणि मग माझा. काल काढला नाही. समोर ती लाल माती आणि रिकामी धावपट्टी, आणि आम्ही दोघं बसून. नलू शेजारी गेली होती. मला कळत होतं की तो थांबलाय. मी "हेमू" एवढं म्हटलं. तो "हं" म्हणाला. मग माझ्या तोंडातून निघालं, "काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतायत." मग तो वाकला आणि माझं बक्कल काढलं. "जा, जाऊन या मोरीत," म्हणाला. म्हणजे तेही त्याला माहीत होतं.

सव्वा वर्ष तो दर रविवारी मला तुझ्या दारापर्यंत नेतोय आणि मी त्याला रिक्षाचा वेळ सांगतोय.

आता एक उरलेलं लिहितो, ते तुलाही सांगितलं नव्हतं. फिटची भीती खरी होती. पण तेवढीच नव्हती. पायलट झाला की तो या खोलीत कशाला राहील, हे रोज डोक्यात यायचं. सहावा मजला, लिफ्ट, नवी माणसं, आमच्याकडे दिवाळीपुरता. मला तो इथे हवा होता. आता आहे. पस्तिशीचा झाला, लग्नाचं नाव काढत नाही, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसून विमान चालवतो. मागितलं होतं ते सगळं मिळालं.

काल तुझं गणपतीतलं पत्र पुन्हा काढलं. शेवटी तू लिहिलंयस, "दादा, हेमूशी जरा बोलत जा." तेव्हा मला ते सगळेच लिहितात तसं वाटलं. त्या दिवाळीत त्याने तुला फोन केला होता का? काय विचारलं? तू काय सांगितलंस? खरं तेच सांगितलं असशील तर मला राग नाही. मी फाडलं म्हटलं आणि तू विश्वास ठेवलास, तुझा त्यात काही दोष नाही, हे मी त्याला सांगणार आहे. येत्या रविवारी, चिपीला उतरल्यावर, त्याने बक्कल काढायच्या आत. नंतर मी उठून जाईन, मला माझा भरवसा नाही.

तेवढं मला आधी कळव, त्याला किती माहीत आहे. म्हणजे मी त्याच्यापुढे निदान त्यातलं काही लपवणार तरी नाही. जगदीशच्या दुकानावर पाठव म्हटलं होतं, ते खोडलं असं समज. घरीच पाठव. पाकीट नको, साधं पोस्टकार्ड टाक. हेमूच्या हातात आधी पडलं तरी चालेल, पण रविवारच्या आत दोन ओळी येऊ देत. वाट बघतो रे.

तुझा दादा,
गंगाधर