दंडाचं माप

सोमवार, ३ मार्च

दादाचं ऑपरेशन पुढे ढकललं!

गेल्या खेपेला तारीख दिली होती. आज डॉक्टर म्हणाले, "या अंगात आत्ता ते सोसायची ताकद नाही." मी खिडकीबाहेर बघत उभा.

मग आहाराच्या बाई आल्या. कोटाच्या खिशातून टेप काढली – आमच्यासारखीच, पिवळी, इंचांची – आणि दादाच्या दंडाला गुंडाळली. आकडा मी लांबूनच वाचला. तीस वर्षं शिलाईत गेली, सवय आहे. नऊ! त्यांनी पुन्हा मोजलं. नऊच.

"पण वजन तर तेवढंच आहे," वहिनी म्हणाल्या.

"ते पाण्याचं हो, ताई. लिव्हर बिघडलं की पोटात, पायांत पाणी साचतं. काटा फसतो. अंगातलं मांस किती गेलं ते दंड सांगतो. म्हणून तर मागच्या महिन्यात विचारलं – शर्टाच्या बाह्या सैल पडतात का? हेच म्हणाले, अगदी पूर्वीसारख्या बसतात."

म्हणाला होता दादा तसं. मी शेजारीच बसलो होतो.

दुकानात आल्यावर मापांची जुनी वही काढली. दादाचं पान. दंड – साडेबारा.

एका महिन्याची मुदत आहे. दंड थोडा तरी भरला तर ऑपरेशन. नाही तर? विचारायचा धीर झाला नाही.

मंगळवार, ४ मार्च

गावच्या शाळेत मास्तर खोडू द्यायचे नाहीत. चूक झाली तर दिसू दे, म्हणायचे. म्हणून लिहितो.

दादाचे शर्ट मी आत घेतले.

डिसेंबरात एकदा आरशासमोर उभा राहून म्हणाला, "हा शर्ट आहे की तंबू?" हसला. पण त्या दिवशी जेवला नाही. माझ्या जिवाला लागलं. तो दुकानाच्या वरच राहतो; इस्त्रीला म्हणून शर्ट खाली दुकानात आणला. खांदा उतरवला, बाहीचा मुंढा आत घेतला, बाह्या बारीक केल्या. पोट सुजलेलं, तिथे हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी घातला तर म्हणाला, "बसला की!" आणि जेवला. मला केवढा आनंद! मग एकेक करत सगळे शर्ट घेतले. जानेवारीत पुन्हा एकदा, आणखी एक बोट आत.

कापड कापलं नाही, एवढं खरं. आतच ठेवलं. अंग भरलं की उसवता येईल म्हणून.

त्या बाईंनी बाह्यांचं विचारलं तेव्हा माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण दादा "बसतात" म्हणाला आणि मी शिंप्यासारखा खूश झालो. खूश! केव्हाच पकडलं असतं हे. मी लपवलं, टीप मारून.

गुरुवार, ६ मार्च

बाईंनी बजावलंय – दोन-तीन तासांनी थोडं थोडं, झोपण्याआधीही काहीतरी. अंडं, दूध, डाळ. मीठ कमी. "उपाशी ठेवलं की शरीर स्वतःचंच मांस खातं. पोटाला आराम कोणी द्यायला सांगितला?"

मीच. वहिनी विचारायच्या, भाऊजी, अंडं देऊ का? मी म्हणायचो, नको, जड पडेल, पातळ सूप द्या. दुखण्यात पोट हलकं असावं, असं मला कुठून सुचलं देव जाणे. नाही, देवावर कशाला ढकलू. माझीच अक्कल.

आता सगळं मिळतं त्याला. पण खातो अर्धंच. ताट माझ्याकडे सरकवतो. "धाकट्या, जेवलास?" मी म्हणतो, "घरी जेवून आलो."

घरी सांगतो, दादाकडे जेवलो.

रात्रीचं जेवण मी डिसेंबरातच सोडलं. देवाला म्हटलं, माझ्या वाटचं त्याच्या अंगी लागू दे. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की देवाला दिलेलं उष्टं झाल्यासारखं वाटतं.

काल दुपारचंही सोडलं. एवढी चूक केल्यावर दोनदा जेवायचं कोणत्या तोंडाने?

रविवार, ९ मार्च

आज कबूल केलं. वहिनी खाली गेल्या होत्या. म्हटलं, "दादा, तुझे शर्ट मी आत घेतलेत."

तो कोऱ्या शर्टांना काजं करत होता. नुसतं बसवत नाही म्हणून काज-बटणाचं काम मी वर त्याच्या कॉटवर पाठवतो. मान वर न करता म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. डाव्या मुंढ्यात टीप वाकडी गेली होती. शिंपी मीच केलं ना तुला?"

"मग बाईंना का नाही सांगितलंस?"

"तू एवढा मनापासून लपवत होतास. म्हटलं, लपवू दे बिचाऱ्याला." दोरा दाताने तोडला. "शिवाय कोटाच्या खिशात टेप ठेवते ती बाई. आपल्या धंद्यातली. तिला काय सांगायचं, म्हटलं, कळेल तिचं तिला."

हसू आलं. मग रडू आलं, ते जिन्यात जाऊन रडलो. मला दुखवायला नको म्हणून हा मरायला तयार!

बुधवार, १२ मार्च

नऊच.

शुक्रवार, १४ मार्च

रोज टेप लावतो म्हणून दादा वैतागला. "डॉक्टर महिन्याने मोजतात, तू तासाने. माझा काय कोट शिवतोयस?"

वहिनीही म्हणाल्या, "भाऊजी, माप घेऊन अंग भरत नाही. त्यापेक्षा त्यांच्यासोबत बसून दोन घास खा. सोबत असली की त्यांना जातं." म्हटलं, घरी जेवलोय. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

आज अंडं खाल्लं, दूध निम्मं ठेवलं.

मंगळवार, १८ मार्च

दुकानात मशीनवर जरा घेरी आल्यासारखं झालं. ऊन असेल.

घरी ही म्हणाली, "अहो, केवढे वाळलात! आरशात तरी बघा." म्हटलं, काहीतरीच, शर्ट तर तेच अंगाला बसतायत. गिऱ्हाइकासमोर तेच घालतो ना? ही म्हणाली, "दादांच्या काळजीने तुम्हीच आजारी पडाल." मी विषय बदलला. खोटं बोलणं आता किती सहज जमतं! सकाळी देवापुढे उभा राहिलो तेव्हा काय मागायचं तेच आठवेना. नुसता उभा राहिलो.

माझ्या चार शर्टांची बटणं सैल झाली होती, ती लावायला शर्ट वर दादाकडे दिले. त्यालाही काम.

शनिवार, २२ मार्च

आहाराच्या बाई येऊन गेल्या. सव्वानऊ! पाव इंच!

दादाला म्हणाल्या, "चांगलं आहे, पण संथ. रोज किती ठेवता ताटात?"

वहिनी म्हणाल्या, "अर्धं. काही केल्या सगळं संपवत नाहीत. बाजूला काढूनच बसतात."

"का हो?"

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "भूक नाही." पण तो खोटं बोलताना अंगठ्याने बोटाचं टोक चोळतो. सुई टोचू नये म्हणून अंगुस्ताना घालतो त्या बोटाचं. लहानपणापासून ओळखतो मी.

आठ दिवस उरले. अर्ध्या ताटात कसं भरणार? उद्यापासून सकाळचंही निम्मं करतो. दुसरं माझ्या हातात काय आहे?

गुरुवार, २७ मार्च

सव्वानऊच. दुकान उशिरा उघडलं. जिना चढताना दोनदा बसलो.

रविवार, ३० मार्च

उद्या दवाखान्यात जायचं म्हणून माझा निळा शर्ट इस्त्रीला घेतला. बटण लावून वरून आला होता. उलटा केला. कुशीची शिवण आत घेतलेली, दादाची हातशिलाई. काखेपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंना. बारीक, एकसारखे टाके. बाह्यांनाही. उरलेले तीन शर्ट उलटे केले. तिन्हींत तेच. कापड कापलेलं नाही, आतच ठेवलंय.

इस्त्री बंद केली. वर गेलो. दादापुढे ताट होतं. अर्धं.

"जेवलास?"

"नाही," म्हटलं.

त्याने पाय आखडून कॉटवर जागा केली. "मग बस. केव्हाचा थांबलोय."