रोहिणीच्या पत्त्यांचे जोड छापावेत किती

सणसर, रथसप्तमीचा दुसरा दिवस

तीर्थरूप दत्तोबादादांना धाकट्या ठमाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. नरसिंहाच्या कृपेने इकडे खुशाली आहे, वहिनींचा गुडघा कसा आहे ते लिहा. बारामतीहून एसटीने पाठवलेले पोचले: पत्त्यांचे नमुन्याचे जोड दोन (प्रेसवाल्याने फुकट दिले), पार्सलचे चाळीस रुपये मी भरले, वहिनींची चटणी, तिची किंमत लावत नाही. फोन केला नाही, कारण फोनवर बोलताना सूनबाई रोहिणी शेजारीच असते.

तिने काढलेला ‘आवर्तन’ खेळ तुम्ही पाहिलाच. कालव्याला पाणी सुटले की आपापले ऊस-डाळिंब भिजवून घ्यायचे, आणि कुणीतरी नेमके ‘लाइट गेली’ हे पान टाकतो. (आमचे हे चार डाव हरले आणि पत्तेच वाकडे कापलेत म्हणतात.) प्रेसवाला म्हणतो, दोनशे छापाल तर जोड सव्वाशेला, हजार छापाल तर पासष्टला. रोहिणीने तीन वर्षे ब्लाउज शिवून साठवलेत नेमके पासष्ट हजार. मी म्हटले, आधी गिऱ्हाईक मोजू. संक्रांतीपासून जिथे हळदीकुंकवाला गेले तिथे वही नेली आणि एकेकीला विचारले, हा जोड घ्याल का? सगळ्या व्हय म्हणाल्या. चारशे बारा नावे. वही पाहून रोहिणीने हजाराचा मनसुबा केला.

शनिवारी वहीतलीच एक, रंगूबाई, पिशवी घेऊन दारात. म्हणाली, “ठमाबाई, वाण कवा लुटताय? माझ्या सुनंचंबी हितंच द्या, हेलपाटा नको.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हळदीकुंकवात ‘घ्याल का’ म्हणणारी बाई वाणच देणार, विकणार थोडीच? गाळण्या-डब्यांच्या रांगेत त्यांनी माझा जोडही धरला होता. पैसे पडतील असे सांगत पुन्हा फेरी मारली, तर उरल्या अकरा, त्यांतल्या तिघी बघू म्हणाल्या. रोहिणीला सांगायला जीभ रेटत नाही. तिची तीन वर्षे माझ्या वहीच्या भरवशावर बुडायची. देवापुढे कबूल केले, पण देव काही प्रेसला फोन करत नाही.

तुमची
ठमा

ता.क. खरे काम हे: दोनशेच छापा असे प्रेसवाला म्हणतो, हे तुम्हीच तिला सांगा. तुमचा शब्द ती मोडत नाही. (खोट्याचे पाप माझ्याकडे.)

आणखी ता.क. पाकिटाला डिंक मागितला, तर रोहिणीने पत्रच वाचले. हसून म्हणाली, “आत्याबाई, रंगूबाई आधी मलाच भेटली. मी परवाच दोनशे सांगितलेत. तुमी कवा सांगताय ते बघत व्हते.”

शेवटचे ता.क. (गोठ्यात बसून) हसली खरी, पण दोनशे म्हणताना तिचा चेहरा उतरला होता. दादा, तीनशे छापायला सांगा. वरच्या शंभराचे मी भरीन, तिला कळू देऊ नका. जमेल की नाही तेवढे उलट टपाली कळवा. उत्तराच्या पाकिटावर यांचे नाव घाला. त्यांच्या नावाचे पाकीट ते स्वतःसुद्धा उघडत नाहीत, मीच उघडते.