पाठीमागच्या टाचण्या

ता. १४ मार्च

चि. ठकीस,

आबांचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? गोदामातल्या पेट्या उचलताना आधी गुडघे वाकवत जा. जावईबापूंचा खोकला थांबला का? तुझ्या शेजारणीच्या हाताचं प्लॅस्टर एव्हाना निघालं असेल. इकडे तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, आणि तीही. दादाचं बरं चाललंय. मला सुईचं नेढं अजून दिसतं, म्हणजे मीही बरा.

एक राहिली, तुझी चिमणी. तिच्यासाठीच हे पत्र. फोनवर तू "आबा" म्हणालीस की माझ्या तोंडून "सगळं ठीक" निसटून जातं, शिवाय तुझी आई शेजारी बसलेली. शेजारचे ट्रकवाले उद्या तुझ्याकडे निघालेत, त्यांच्या हाती देतोय.

वाढदिवसाचा फोटो बघून तू दादाला कळवलंस, "फ्रॉक काय बेतशीर बसलाय, आबांच्या हाताला तोड नाही." ठके, तो फ्रॉक बसलेला नाही. पाठीमागे मी चार टाचण्या लावल्या होत्या. म्हणून तर तिला भिंतीला टेकवून उभी केली.

दोन महिने आधीच माप घेतलं होतं. गेल्या साली छाती बावीस इंच भरली होती, यंदा एकवीस. वाढत्या पोराचं माप मागं येत नाही, हे चाळीस वर्षं मशीन चालवणाऱ्याला कुणी सांगायला नको. पण जुनी कापडी टेप ताणून लांबते आणि माप कमी दाखवते, हेही आम्हा शिंप्यांना पाठ. टेपवर खापर फोडलं आणि मोकळा झालो. अंदाजानं तेवीसचा फ्रॉक बेतला. नवी टेप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

वाढदिवसाला चिमणीच्या अंगात फ्रॉक घातला तर खांदे दंडावर उतरले. दादा म्हणाला, "आबा, यात अजून एक चिमणी मावेल."

मी म्हणालो, "म्हातारा झालो रे, कात्री भरकटली."

सगळे हसले, चिमणीही हसली. तुझी आई मात्र हसली नाही. पाच मेणबत्त्या होत्या. दोन विझवून चिमणी खाली बसली, म्हणाली, "उरलेल्या आबा विझवतील, मी दमले." केकवरचं गोड नुसतं चाटलं, खाल्लं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी टेप आणली. पावणेएकवीस. हात वर करून उभी होती, विचारते कशी, "आबा, मी किती मोठी झाले?"

मी म्हणालो, "खूप."

त्याच दुपारी तिला दाखवायला नेलं. रक्त तपासलं. आजार रक्तातच आहे, आणि मोठा आहे. सोमवारी दवाखान्यात ठेवून घेणार आहेत. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "दोन महिने आधी आणली असती तर?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि औषधं लिहायला घेतली. मी पुन्हा विचारलं नाही. बऱ्या होणाऱ्या मुलीही असतात, एवढं त्या आपणहून म्हणाल्या.

तुझी आई म्हणते, "ठकीच्या नोकरीच्या कराराचे चार महिने उरलेत, आत्ता कळवून तिचा जीव टांगणीला लावू नका." दादाचंही तेच. मी त्यांना न विचारता लिहितोय. एकदा गप्प बसून मी काय करून ठेवलं ते वर आलंच आहे.

करार मोडला तर मोडू दे. तुम्ही दोघं निघा.

ट्रकवाले तिकडे दोन तास थांबतील, तेवढ्यात उत्तर लिहून त्यांच्याच हाती दे. मला काय बोलायचं ते बोल, मान खाली घालून वाचीन. पण पहिल्या ओळीत कोणत्या दिवशी पोचतेस ते लिही. ती ओळ चिमणीला वाचून दाखवायची आहे.

तुझा,
आबा