कंसातली सूचना

चांगवॉन, २६ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

तुमची कंबर आता कशी आहे? आईला सांगा, तुम्हाला पोती उचलू देऊ नकोस म्हणावं. मी बरी आहे. खांदा थोडा दुखतो, जिन्यावरून पडले एवढंच.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "बांग काकांनी स्वतःच्या कारखान्यात नोकरी दिली, खाल्ल्या मिठाला जाग. पोलिसांना सांग, तो माणूस दारू पिऊन आला आणि उगाच मारत सुटला." मी फोन ठेवला. तुमच्यावर ओरडायची हिंमत होईना, म्हणून लिहिते.

त्या माणसाचं नाव दोशिक, आणि तो दारू प्यायला नव्हता. त्याचा थोरला भाऊ दोगिल आमच्याकडे प्रेसवर, पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर होता. प्रेसवाल्यांना कामाच्या सूचना पडद्यावर दिसतात. त्या पोचवणारी एक्सएमएल फाइल माझा प्रोग्राम बनवतो. < आणि > हे टोकदार कंस त्या फाइलीच्या स्वतःच्या खुणा. मजकुरात कुणी ते टाकले की फाइल अडते, आणि कारखान्यातली माणसं धोक्याची सूचना नेमकी त्याच कंसांत लिहितात. कंसाच्या जागी ठरलेली अक्षरं घातली की प्रश्न मिटतो, पडद्यावर कंसच दिसतो. त्यासाठी मी काकांकडे वेळ मागितला.

"वेळ? माल काय तुझा बाप पोचवणार?" ते सगळ्यांदेखत ओरडले. "कंसात असेल ते उडवून टाक. फाइल गेली पाहिजे, बस्स!"

मी उडवलं. फाइली सुरळीत जाऊ लागल्या, काकांनी पाठ थोपटली.

मग दुरुस्तीवाल्यानं लिहिलं: साचा पुसा <सेन्सर बंद, आधी वीज तोडा>. दोगिलला दिसलं फक्त 'साचा पुसा'. त्यानं हात आत घातला; हात दिसताच यंत्र थांबवणारा सेन्सर बंद होता, आणि प्रेस खाली आली. मनगटापुढे काही उरलं नाही. संध्याकाळी काका सगळ्यांना सांगत होते, "सूचना लिहिली होती. आंधळ्यानं वाचली नाही."

दुसऱ्या दिवशी दोशिक पाना घेऊन ऑफिसात शिरला. "माझ्या भावाला आंधळा म्हणणारा कोण तो?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी उठले आणि काकांकडे बोट केलं. हे मी अजून पोलिसांना सांगितलेलं नाही.

पहिला घाव गुडघ्यावर बसला. काका कोसळले, आणि मला बरं वाटलं, बाबा. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. तेवढ्यात ते किंचाळले, "प्रोग्राम तिचा आहे! तिला विचार!"

दोशिक माझ्याकडे वळला. "तुझा?"

"हो. माझा."

खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर. जिना-बिना काही नाही. मग तो परत वळला आणि त्यानं काकांचा जबडा फोडला.

उद्या मी सगळं सांगणार आहे: हुकूम कुणाचा, प्रोग्राम कुणाचा, बोट कुणाचं. दोशिक सुटणार नाही. पण 'दोगिलनं वाचलं नाही' हे खोटं मी राहू देणार नाही. नोकरी जाईल, मलाही कोर्टात उभं करतील. तुम्हाला गावात मान खाली घालावी लागेल. घाला.

शनिवारी काकांना बघायला येणार आहात ना? या. पण आपल्या बागेतले पर्सिमॉन त्याच हॉस्पिटलात दोगिलला न्या. एका हातानं त्याला सोलता येणार नाहीत; तुम्ही सोलून द्या. तुम्ही कोण, असं त्यानं विचारलं, तर माझं नाव सांगा.

तुमची,
हेजू