पत्रिकांच्या पाठचे शब्द

मंगळवार, दिवेलागणीला

माझ्या रेवाच्या लग्नाच्या पत्रिका वाशीहून छापून आल्या होत्या. त्याच कापून पाठकोऱ्या तुकड्यांवर तिनं प्रवेश परीक्षेचे इंग्रजी शब्द लिहिलेले ह्यांना दिसले, आणि ह्यांनी कमरेचा पट्टाच काढला.

"बापापेक्षा लई शानी झालीस व्हय?"

पोरगी रडली नाही. प्रत्येक फटक्याला एकेक शब्द अर्थासकट ओरडत होती. ओठ फुटला तरी थांबेना. मी गप्प का उभी होते? कात्री तर माझ्याच पदराखाली होती.

शेवटी मी म्हणाले, "मीच कापून दिल्यात. मला मारा." पुढचा फटका माझ्या पाठीवर बसला.

कात्री ह्यांनी विहिरीत फेकली. पत्रिकांचा अर्धा गठ्ठा अजून ज्वारीच्या कोठीत लपवलेला आहे. उद्या विळीवर कापीन.